बावन्नावा अंक

रसूलभाऊ भला माणूस आहे, असं बल्लारपुरात कुणीही सांगेल. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्यांनी बांधलेली पुस्तकाची जिल्द तीस वर्षं उसवत नाही. मी त्यांना बारा वर्षं ओळखते आणि मला ते आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नूतनबाईनं गोड बोलून गळा कापला असं पुढं कुणी म्हणायला नको.

मी बसस्थानकामागच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. रसूलभाऊ, म्हणजे गुलाम रसूल, वय सत्तर, आमची फाटकी पुस्तकं बांधून द्यायचे. काम झालं की माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. विषय एकच. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत पोरांसाठी निघणारी गोष्टींची साप्ताहिकं. दर शनिवारी एक अंक, आत बोर्डिंगातल्या खोड्या, जहाजं, चोर, छडीवाले हेडमास्तर, आणि शेवटी ‘पुढील अंकी चालू’. असले साडेतीनशे अंक त्यांच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले आहेत. कामठीच्या रद्दी गोदामातून, नागपूरच्या फुटपाथवरून, हैदराबादच्या रविवारच्या बाजारातून एकेक करून आणलेले. मुलीला, तबस्सुमला, पाहायला पाहुणे आले त्या दिवशी हा बाप कामठीत रद्दीच्या ढिगावर बसला होता. पाहुणे तीन तास थांबले आणि चहा पिऊन गेले. ते स्थळ गेलं. रसूलभाऊ त्या दिवशी दोन अंक घेऊन आले आणि आजही त्या दोन अंकांचंच सांगतात.

पण या साडेतीनशे अंकांत त्यांचा जीव नव्हता. जीव होता एका बांधलेल्या खंडात. त्या साप्ताहिकाचं नाव लांबलचक होतं, लहानपणी कुणाला म्हणता येत नव्हतं. वरच्या बाजूला लाल पट्टी होती म्हणून पोरं त्याला ‘लालपट्टी’ म्हणायची. खंडात एक्कावन्न अंक होते. बावन्नावा नव्हता. तो बावन्नावा अंक रसूलभाऊ अठ्ठावन्न वर्षं शोधत होते.

ही हकीकत त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा ‘बचपन की यादें’ म्हणून सांगितली, हसत हसत. मीही हसले. तेही लिहून ठेवते.

१९६७ चा उन्हाळा. कोळसा खाणीच्या मॅनेजरचा जुना बंगला होता, तिथं कधीकाळी गोरा साहेब राहायचा. त्याच्या पोराचे अंक माळ्यावर पडून होते. नव्या देशी साहेबाला दिवाणखान्यातल्या कपाटात शोभेला इंग्रजी पुस्तकं हवी होती, म्हणून त्यानं तो गठ्ठा रसूलभाऊंच्या अब्बांकडं, जाहिद जिल्दसाजांकडं, बांधायला पाठवला. दुकानात काम तुंबलेलं. गठ्ठा दोन महिने तसाच राहिला.

त्या दोन महिन्यांत गल्लीतल्या पाच-सहा पोरांची चंगळ झाली. रेल्वेतले एक म्हातारे निवृत्त गार्ड शेजारी राहायचे. त्यांना इंग्रजी यायचं. रोज संध्याकाळी पोरं एक अंक घेऊन त्यांच्या ओट्यावर जायची आणि गार्डसाहेब वाचून हिंदीत सांगायचे. टोळीचा पुढारी बारा वर्षांचा गुलाम रसूल. आणि टोळीत सगळ्यात मागं, पण सगळ्यात कान देऊन ऐकणारा, अकरा वर्षांचा सुकलू. त्याचा बाप झाडू हा सिंदेवाहीकडच्या एका जंगलातल्या खेड्यातला गोंड. कागद कारखान्याच्या बांबू डेपोत मजुरीला आला होता आणि पोराला त्यानं मोठ्या हौसेनं शाळेत घातलं होतं. सुकलू चौथी पास झाला होता, वर्गात तिसरा. घरातला शाळेत गेलेला तो पहिलाच.

लालपट्टीत एक लांब गोष्ट चालू होती. विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि एक पोरगा, एका खाणीतल्या घोड्यासकट, आत अडकतो. बल्लारपूरच्या पोरांना राजवाडा आणि जहाज कळत नव्हतं, खाण मात्र कळत होती. एकाचा काका खाणीत गेलेला होता, तो वर आलाच नव्हता. एक्कावन्नाव्या अंकात पाणी पोराच्या गळ्याला लागलं. शेवटच्या पानावर चित्र होतं: काळं पाणी, घोड्याचं डोकं, आणि त्याच्या आयाळीत पोराची बोटं. खाली छापलं होतं, शेवट पुढच्या शनिवारी, नाताळच्या खास अंकात.

दुसऱ्या दिवशी पोरं पुढचा अंक काढायला गेली तर गठ्ठा संपलेला.

आता अब्बांचं ऐका. अब्बांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हातात हिशेब पक्का. जंगल खात्याच्या कचेरीचं साप्ताहिक पत्रक ते दरवर्षी बांधायचे. वर्षाचे बावन्न आठवडे, बावन्न अंक, एक खंड. वीस वर्षांत त्यात चूक झाली नव्हती. त्यांनी लालपट्टीचे अंक मोजले, एक्कावन्न भरले. गठ्ठा आला तेव्हा मोजून घेतला नव्हता, पण त्याची गरजच नव्हती. वर्षाला बावन्न असतात म्हणजे बावन्न होते. एक गेला. साहेबाला काय तोंड दाखवायचं, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पोरांना म्हणाले, “शोधा. कोणी नेला तो काढा.”

आदल्या संध्याकाळी गार्डसाहेबांच्या ओट्यावरून अंक परत आणायचं काम सुकलूकडं होतं. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं म्हणतात. इथं तर चोरच नव्हता, पण सुळी तयार होती. गार्डसाहेबांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

पोरांनी ‘साहेबाची शाळा’ भरवली. हा त्यांचा नेहमीचा खेळ होता. गुलाम रसूलच्या डोक्यावर पुठ्ठ्याची चौकोनी टोपी, अंकातल्या हेडमास्तरसारखी. हातात बांबूची कामटी. गोष्टींतल्या नियमाप्रमाणं गुन्हेगाराला सहा छड्या. सुकलूनं सहा खाल्ल्या आणि म्हणाला, मी नाही घेतला. आणखी सहा. तरी नाही. मग हेडमास्तरांना शक्कल सुचली. दुकानात शिकंजा होता. दोन जाड लाकडी फळ्या, दोन्ही टोकांना लोखंडी पेच, मधे पुस्तक धरून आवळायचं यंत्र. त्यात पोरांनी सुकलूचा उजवा हात घातला.

“नेला नाई म्हनतं ना? बरं. पण नेला असन तं तुले शेवट माहीत असन. सांग शेवट,” गुलाम रसूल म्हणाला आणि पेच फिरवला.

सुकलू रडला, ओरडला. अब्बा बाहेर गेलेले होते. मग तो बोलायला लागला. तो बोलला की गुलाम रसूल पेच एक फेरा सैल करायचा. थांबला की एक फेरा आवळायचा. असा त्यानं सगळा शेवट सांगितला. पोरानं घोड्याच्या गळ्यातला दोर सोडला आणि शेपटी धरली. घोडं आंधळं होतं, पण त्याला गवताचा वास येत होता. वासावर चालत चालत ते एका जुन्या भुयारात शिरलं. भुयाराच्या तोंडाशी मोहाचं झाड होतं. पहाट होती. झाडाखाली पोराची माय टोपली घेऊन फुलं वेचत होती. तिनं पोराकडं पाहिलं, काही बोलली नाही, आणि आधी घोड्याला पाणी पाजलं.

“पोट्टे एकदम चूप झाले, नूतनबाई,” रसूलभाऊ मला सांगायचे. “असा शेवट! आधी घोड्याले पाणी पाजलं! आमच्यातला एक तं रडला.”

आणि शेवट सांगितला, म्हणजे अंक यानंच नेला, हे शाबीत झालं. अब्बा परत आले, त्यांनी पेच सोडला, गुलाम रसूलच्या एक थोबाडीत दिली आणि मग झाडूकडं गेले. झाडूनं सगळ्या मजुरांसमोर पोराला तुडवला. अंक कुठं आहे म्हणून विचारलं तर सुकलू म्हणाला, जाळला. एवढ्यावर मार थांबला. झाडूनं आठवड्याभरात डेपोचं काम सोडलं आणि पोराला घेऊन गावी गेला. शाळा तिथंच संपली. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. गल्लीत पोरांनी त्याचं नाव ‘बावन्या’ ठेवलं होतं. ते नाव त्याच्याबरोबरच गावी पोचलं, कारण झाडू स्वतःच ते तोंडानं घेऊन गेला. आणि ज्या साहेबासाठी हे सगळं झालं त्याची बदली झाली. खंड न्यायला कुणी आलंच नाही, तो रसूलभाऊंकडं राहिला.

दुसऱ्यांदा ही हकीकत ऐकली तेव्हा मी हसले नाही. मी विचारलं, “रसूलभाऊ, विलायतेत मोहाचं झाड कुठून आलं?”

“तिथी दुसरं काही झाड असन,” ते म्हणाले. “सुकलूनं आपल्या बोलीत सांगितलं. तुम्ही पन ना, बाई.”

“आणि त्याला इंग्रजी कुठं वाचता येत होतं?”

“चित्र पाहून समजते. नाताळच्या अंकात चित्रं जास्त असतेत.”

उत्तर तयारच असायचं. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी हा शेवट कुणाकुणाला सांगितला नाही? पोरांना, नातवंडांना, ट्रेनमधल्या अनोळखी माणसांना. माझ्याच वाचनालयात बालदिनाला सांगितला, पोरांनी टाळ्या पिटल्या. बावन्नावा अंक त्यांना कशासाठी हवा होता? चित्रासाठी. मोहाच्या का कसल्या झाडाखाली घोड्याला पाणी पाजणारी माय त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायची होती. सुकलूच्या बोटांचं काय झालं हे मात्र त्यांनी साठ वर्षांत एकदाही चौकशी करून पाहिलं नव्हतं. त्याचं गाव माहीत होतं, रेल्वेनं दोन-तीन तासांवर होतं.

गेल्या वर्षी मी वाचनालयाच्या संगणकावरून विलायतेत पत्र पाठवलं. अशा अंकांच्या याद्या ठेवणारी एक म्हातारी बाई मला सापडली होती. तिचे वडील याच छंदातले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फार सौजन्याचं. तुमच्याकडं आहे तोच शेवटचा अंक, तिनं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात छापखान्यानं दिवाळं काढलं. नाताळचा अंक छापलाच गेला नाही. गोष्टीचा शेवट लिहिला गेला होता की नाही हेही आता कुणाला ठाऊक नाही. एकूण अंकच एक्कावन्न निघाले, म्हणजे तुमचा संच पूर्ण आहे. असा पूर्ण संच आणखी कुणाकडं असल्याचं ऐकिवात नाही. हार्दिक अभिनंदन.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग छापून काढलं आणि रसूलभाऊंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

“सुकलूला सांगायला हवं,” मी म्हणाले.

“हं.”

“त्याच्या गावात, चार माणसांसमोर सांगायला हवं. चोर नव्हता म्हणून.”

“जाऊ ना,” ते म्हणाले. “मले त्याले भेटाचंच हाये.”

मला भरून आलं. खरं सांगते, मी बसल्या बसल्या सगळं रंगवून टाकलं: म्हातारे मित्र, गळाभेट, डोळ्यांत पाणी. अठ्ठावन्न वर्षांचा डाग मी पुसणार, असं मला वाटलं. स्वतःच्या चांगुलपणावर इतकं खूश मी कधी झाले नव्हते. निघायच्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा रसूलभाऊ खंड कापडात गुंडाळत होते. त्यांची बायको मलिकाबी मला दाराशी म्हणाली, “बाई, तुम्ही कायले जाता संगं? याले पुस्तकाचं दुखते, मानसाचं नाई.” मला ती बाई जरा कडूच वाटली.

एप्रिल होता. गोंदियाकडं जाणाऱ्या गाडीनं आम्ही सिंदेवाहीला उतरलो, तिथून ऑटो केला. गावाच्या तोंडाशी पानठेल्यावर मी विचारलं, “सुकलू मडावींचं घर कोणतं?”

ठेलेवाल्यानं जरा विचार केला. “सुकलू? अं... बावन्या म्हना ना. तो पुढं, आवळ्याच्या झाडापाशी.” पोरगा विशीतला होता. त्याच्या आजाच्या वेळचं नाव होतं ते.

सुकलू अंगणात बसला होता. समोर मोहाची फुलं वाळत घातलेली, तो आणि त्याची बायको सोमारी त्यातला पाचोळा निवडत होते. हडकुळा, पांढरे केस, गुडघ्यापर्यंत धोतर. उजव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याकडं वळलेली. तो अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यानंच निवडत होता. रसूलभाऊंकडं त्यानं बराच वेळ पाहिलं.

“गुलाम रसूल?” तो म्हणाला. “जाहिदमियाचा?”

“हौ.”

सुकलू उठला. खाट टाकली. सोमारीनं पाणी आणलं. न बोलावता दहा-बारा माणसं कुंपणापाशी गोळा झाली, खेड्यात होतात तशी. मग सुकलूनं विचारलं, “सापडला का तो?”

म्हणजे अठ्ठावन्न वर्षं तोही वाट पाहत होता. अंक सापडेल, कुठल्या तरी पेटीच्या तळाशी, आणि कुणीतरी येऊन सांगेल.

रसूलभाऊ माझ्याकडं पाहायला लागले. मी पत्र काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत वाचलं. तो अंक छापलाच नव्हता. कुणी चोरला नाही. चोरायला तो नव्हताच. सुकलूदादांनी काही घेतलं नव्हतं.

सोमारीचे हात थांबले. कुंपणापलीकडं कुणीतरी ‘अरे बापा’ म्हणालं. सुकलू फुलांकडं पाहत होता.

“मी सांगतच होतो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “बा मरून एकतीस वर्सं झाले. मराच्या दिवशीबी त्यानं माह्या हातचं पानी नाई घेतलं. म्हने, चोराच्या हातचं नोको.”

मी रसूलभाऊंकडं पाहिलं. आता बोलतील, असं मला वाटलं. ते बोललेच.

“मंग शेवट?” ते म्हणाले.

“कोनता शेवट?”

“घोड्याचा! शेपूट धरली, भुयारातून निघाला, मोहाचं झाड, त्याची माय. अंक छापलाच नाई तं तू हे कुठी वाचलास?”

सुकलूला आधी कळलंच नाही. मग तो चक्क हसला. “मी कुठी वाचीन? मनातलंच सांगत गेलो. तू पेच आवळून राह्यला होतास ना. बोललो का ढिला करस. मंग मी बोलतच राह्यलो.”

“आनि माय? आधी घोड्याले पानी पाजलं, ते?”

“माही माय तसीच होती. जंगलातून आलो का आधी बैलाले पानी, मंग आमाले.”

कुणाला तो क्षण कळला असेल तर मला. ज्या गोष्टीनं बल्लारपूरची पोरं साठ वर्षं गप्प बसत होती, ती या माणसानं अकराव्या वर्षी, हात शिकंजात असताना, रचली होती. मी ते म्हणायला तोंड उघडलं. पण रसूलभाऊ खाटेवरून उठले होते. चेहरा लाल झाला होता.

“अठ्ठावन वर्सं!” ते ओरडले. “अठ्ठावन वर्सं मी दुनियेले तो शेवट सांगितलो! ते चित्र पाहासाठी माही जिंदगी गेली! आनि तू मनानं सांगितलास? खोटं बोललास माह्याशी?”

“रसूलभाऊ!” मी म्हणाले.

“तुम्ही चूप बसा, बाई. हा चोर नाई म्हनता ना? बरं, नाई. पन खोटारडा हाये. अस्सल खोटारडा.” ते कुंपणाकडं वळून म्हणाले, “ऐकून घ्या रे सगळे.”

आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. माझं पत्र अर्ध्या माणसांना समजलं नव्हतं, विलायतेतलं काहीतरी होतं. हे मात्र सगळ्यांना समजलं. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, “म्हनजे होतंच काहीतरी.” सोमारी उठून घरात गेली.

सुकलू रागावला नाही. तो रागावताना मला दिसला असता तर बरं वाटलं असतं. त्याची नजर खाटेवरच्या गाठोड्याकडं गेली होती. कापड सुटून खंडाची कड बाहेर आली होती.

“तेच होय?” त्यानं विचारलं. “त्याच्यात घोडं हाये ना, पान्यातलं? मले एक डाव पाहू दे ना, रसूलभाऊ. त्या दिवशी नीट पाहू नाई देल्ला कोनी.”

त्यानं धोतराला हात पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी. मग तो वाकडा हात पुढं केला.

रसूलभाऊंनी खंड उचलून छातीशी धरला. माझ्या हातात ते पत्र होतं, त्यात लिहिलं होतं की संच पूर्ण आहे, आणि ते त्यांना पाठ झालेलं होतं.

“हात नोको लावू,” ते म्हणाले. “एक अंक आधीच कमी हाये.”

सुकलूनं हात मागं घेतला, खाली बसला आणि पुन्हा फुलं निवडायला लागला. मी पत्राची घडी घातली आणि ऑटोकडं निघाले.